जागा कोणाची?

स्वारगेटच्या स्थानकात एस.टी. फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून हात आत जातात आणि आसनांवर रुमाल, पिशव्या, वर्तमानपत्रे, क्वचित एखादी टोपी येऊन पडते. मागाहून दाराने चढणारा माणूस तो रुमाल पाहतो आणि निमूटपणे पुढच्या बाकाकडे वळतो. आरक्षण नसलेल्या गाडीचे तिकीट हे प्रवासाचे तिकीट असते, अमुक एका आसनाचे नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही दोन रुपयांच्या त्या फडक्याचा अधिकार सारा महाराष्ट्र मानतो. सप्टेंबर महिन्यात हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला निघालेले आपले भाविकही त्याला अपवाद नसतात. ओठांवर रोजरीमाळेची प्रार्थना आणि खिडकीतून आत गेलेल्या हातात रुमाल, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

वाचकहो, हा विषय इतका क्षुल्लक वाटेल की एखाद्या वाङ्मयीन त्रैमासिकाची पाने त्यासाठी का खर्ची घालावीत, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपण विवेकबुद्धीची तपासणी करतो तेव्हा मोठमोठ्या पापांची आठवण करतो. खून, चोरी, व्यभिचार यांचे प्रसंग सामान्य माणसाच्या आयुष्यात सुदैवाने विरळाच येतात. उलट हडपसरहून, निगडीहून, कात्रजहून रोज कामाला जाणाऱ्या माणसाला अनोळखी शेजाऱ्याशी कसे वागावे याची परीक्षा दिवसातून दोनदा द्यावी लागते. शेजारप्रीतीची आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. परंतु ‘शेजारी’ हा शब्द अक्षरशः खरा होतो तो बसच्या दोन माणसांच्या बाकावर. तेथे बसलेला माणूस आपला नातेवाईक नसतो, धर्मग्रामातला नसतो, ओळखीचाही नसतो. तो केवळ शेजारी असतो.

मग पहिला प्रश्न असा की, ज्या जागेवर मी बसलो आहे ती माझी आहे काय?

या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने स्टोइक तत्त्वज्ञांचे मत मांडताना नाट्यगृहाचा दाखला दिला आहे. नाट्यगृह सर्वांचे असते, तरी ज्याने जी जागा घेतली ती त्याची म्हणणे योग्यच होय, असा त्याचा आशय. म्हणजे सार्वजनिकतेने खाजगी हक्क नाहीसा होत नाही. पुढे चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बेसिल यांनी हाच नाट्यगृहाचा दाखला उचलला आणि त्याची दिशा पालटून टाकली. कपादोकिया प्रांतात दुष्काळ पडला होता आणि धनिकांची कोठारे भरलेली होती. जो आधी येऊन बसतो आणि मागून येणाऱ्यांना आतच येऊ देत नाही, जे सर्वांसाठी आहे ते केवळ स्वतःचे समजतो, त्या प्रेक्षकासारखे हे धनिक आहेत, असे संत बेसिल यांनी त्यांना सुनावले. पहिला आला एवढ्यावरून वस्तू त्याची कशी होते, हा त्यांचा सवाल होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांच्यासमोर हे दोन्ही विचार होते. खाजगी मालकी न्याय्य आहे काय, याची चर्चा करताना त्यांनी संत बेसिल यांचाच आक्षेप घेतला आणि त्याला नेमके उत्तर दिले. जो आधी जाऊन इतरांसाठी वाट मोकळी करतो तो काही अन्याय करीत नाही. जो इतरांना अडवतो तो अन्याय करतो. वस्तू मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार माणसाला आहे. पण तिचा उपयोग करताना ती जणू सर्वांची आहे अशी त्याची वृत्ती असावी आणि गरजवंताला ती देण्यास तो तत्पर असावा, असे त्यांचे म्हणणे. आधुनिक काळात व्हॅटिकन परिषदेने 1965 साली आपल्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या संविधानात आणि पोप फ्रान्सिस यांनी 2020 साली ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे, ही शिकवण दिली तिचे मूळ येथवर जाते.

आता हे तत्त्वज्ञान घेऊन पुन्हा रुमालाकडे पाहू. गुडघे दुखत असलेल्या वृद्ध आईला गर्दीत चढता येत नाही म्हणून मुलगा पुढे होऊन तिच्यासाठी रुमाल टाकतो. हा आधी जाऊन दुसऱ्यासाठी वाट मोकळी करणारा माणूस झाला. चार धडधाकट मित्र उपाहारगृहात चहा पीत आहेत आणि पाचवा त्यांच्यासाठी चार रुमाल टाकून बसला आहे. समोर कडेवर मूल घेतलेली स्त्री उभी आहे. हा दुसऱ्याला अडवणारा माणूस झाला. रुमाल दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. फरक आहे तो तो कोणासाठी टाकला आणि कोणासमोरही उचलला गेला नाही, यात.

येथे न्याय आणि प्रीती यांतील भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण आपण नेहमी या दोहोंची गल्लत करतो. अपंगांसाठी, ज्येष्ठांसाठी किंवा स्त्रियांसाठी राखून ठेवलेली जागा त्या व्यक्तीला देणे हा न्याय आहे. तेथे ‘आभार माना’ असा भाव तोंडावर आणण्याचा मला अधिकार नाही. ज्याचे होते ते मी त्याला परत केले. साध्या जागेवरून उठून दमलेल्या माणसाला बसू देणे ही प्रीती आहे. ती कोणी हक्काने वसूल करू शकत नाही, आणि म्हणूनच ती देण्यात गोडी आहे. तिसरी एक अवस्था असते. कोणाला घेरी येत आहे, एखादी गरोदर स्त्री घामाने डबडबली आहे, शस्त्रक्रिया होऊन घरी निघालेला रुग्ण दांड्याला लोंबकळतो आहे. आत्यंतिक गरजेच्या वेळी सर्व वस्तू सर्वांच्या होतात, असे संत थॉमस सांगतात. अशा वेळी उठणे हे औदार्य नव्हे. त्या क्षणापुरती ती जागा माझी उरलेलीच नसते.

तत्त्वे कागदावर सरळ असतात. बस मात्र वळणे घेत जाते. पुण्याच्या बसमध्ये डाव्या बाजूची आसने स्त्रियांसाठी राखीव असतात. 2007 साली पी.एम.टी. आणि पी.सी.एम.टी. एकत्र होऊन पी.एम.पी.एम.एल. झाली, तरी ही रीत आपल्या परिचयाची राहिली. एक सत्तरीचे गृहस्थ डावीकडील रिकाम्या आसनावर बसतात. दोन थांब्यांनंतर महाविद्यालयात जाणारी मुलगी चढते आणि म्हणते, “काका, ही लेडीज सीट आहे.” लगेच बसमधील दहा आवाज उठतात. “अगं, वयाचा तरी मान ठेव!” काही आवाज मुलीच्या बाजूनेही येतात. कोण बरोबर?

नियमाप्रमाणे मुलगी बरोबर आहे. परंतु नीतिशास्त्रात ‘एपिकिया’ नावाचा एक सद्गुण सांगितला आहे. नियमाचे अक्षर पाळल्याने नियमाचा हेतूच मोडत असेल, तर हेतू पाळावा, असे तो शिकवतो. ठेव ज्याची त्याला परत करावी हा नियम आहे. परंतु वेड्या झालेल्या माणसाने आपली ठेवलेली तलवार मागितली तर ती त्याच्या हाती देऊ नये, हे संत थॉमस यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. या न्यायाने मुलीने वृद्धाला बसू द्यावे, असे आपण चटकन म्हणू. पण थोडे थांबू या. राखीव आसनाचा हेतू मुलीच्या पायांना विश्रांती देणे एवढाच नाही. पुरुषांच्या गर्दीत उभे राहिल्यावर तिला जे सोसावे लागते, त्यापासून तिला संरक्षण मिळावे हाही हेतू आहे. ती उभी राहिली तर तो हेतू मोडतो. म्हणून एपिकियाचा उपयोग करायचा की नाही, हे तिने ठरवावे. तिच्या वतीने बसमधील पुरुषमंडळाने ठरवू नये.

मग वृद्धाने कोठे बसावे? या भांडणात खरा उत्तरदायी कोण, हे आपण पाहतच नाही. उजव्या बाजूच्या साध्या आसनांवर जी धट्टीकट्टी माणसे बसली आहेत, ज्यांतील काहीजण पंचाच्या थाटात निवाडा देत आहेत, त्यांच्यापैकी एकाने उठले की प्रश्न मिटतो. वृद्धाला जागा मिळते, मुलीला तिची जागा मिळते. दोन दुर्बळांच्या हक्कांचे भांडण अनेकदा असेच लागते. सबळ माणूस जागचा हलत नाही, आणि त्याच्या न हलण्याचा भार दोन दुर्बळांनी एकमेकांवर टाकायचा असतो. हे केवळ बसपुरते खरे आहे असे नाही. घरात आजारी सासू आणि थकलेली सून यांच्यातील कलह आपण धर्मगुरू वारंवार ऐकतो. त्या वेळी घरातील धडधाकट मुलगा कोठे असतो, हा प्रश्न विचारला पाहिजे.

मार्च 2023 पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. तेव्हापासून “अर्ध्या तिकिटात पूर्ण जागा कशाला?” असा एक टोमणा ऐकू येऊ लागला आहे. यातील तर्क शेवटपर्यंत नेऊन पाहा. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. टोमणा खरा मानला तर ऐंशी वर्षांच्या आजोबांनी सारा प्रवास उभ्याने करावा लागेल! जागेचे माप पैशाने घ्यायचे नसते, गरजेने घ्यायचे असते, हे टोमणा मारणाऱ्यालाही आपल्या आजोबांच्या बाबतीत मान्य असतेच.

गरज मात्र नेहमी डोळ्यांना दिसत नाही. खिडकीशी डोळे मिटून बसलेली तरुणी रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका असू शकते. धिप्पाड दिसणाऱ्या तरुणाच्या हृदयावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असू शकते. ‘आजकालची पिढी’ असा शेरा मारणे सोपे असते. तो मारण्यापूर्वी आपल्याला किती ठाऊक आहे, हे विचारावे. ज्याला जागा हवी आहे त्याने ती सौम्य शब्दांत मागावी, यात कमीपणा नाही. मागणे हीदेखील नम्रता आहे. आणि मागितल्यावर नाकारले गेले तर कारण न विचारता ते स्वीकारणे ही त्याहून मोठी नम्रता आहे.

आपण जागा देतो ती कोणाला, हाही प्रश्न आहे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत 1917 च्या सुमारास तिसऱ्या वर्गाने केलेल्या एका प्रवासाची हकिगत सांगितली आहे. लाहोरला गाडी बदलताना जागा मिळेना. एका हमालाने बारा आणे घेऊन त्यांना खिडकीतून आत ढकलले. वरच्या फळ्यांवर माणसे हातपाय पसरून झोपली होती, आणि गांधीजी सुमारे दोन तास साखळीला धरून उभे होते. तू बसत का नाहीस, असे उलट त्यांनाच टोचले जात होते. शेवटी कोणीतरी नाव विचारले. नाव ऐकताच मंडळी खजील झाली, त्यांनी क्षमा मागितली आणि जागा करून दिली. ही हकिगत वाचून आपल्याला बरे वाटते. वास्तविक वाईट वाटावयास हवे. जागा होती, दोन तास होती. ती माणसाला मिळाली नाही, नावाला मिळाली.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच दोष सभास्थानात दाखवला आहे. सोन्याची अंगठी आणि भपकेदार वस्त्रे ल्यालेल्या माणसाला उत्तम आसन, आणि मळक्या कपड्यांतील गरिबाला उभे राहण्याचा हुकूम. आम्हा धर्मगुरूंना याचा अनुभव उलट्या बाजूने येतो. अंगात झगा असला की “फादर, बसा” म्हणत लोक उठतात. साधा सदरा असला की कोणी वळूनही पाहत नाही. लोकांच्या आदराबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु झग्याला दिलेली जागा ही प्रीतीची खूण म्हणून आम्ही मोजू नये, आणि देणाऱ्यानेही मोजू नये.

आता दुसऱ्या, अधिक नाजूक प्रश्नाकडे वळतो. आसनाबरोबरच गर्दीत आणखी एक जागा असते. ती दोन शरीरांमधील जागा. मेट्रोच्या लांब बाकावर गुडघे फाकून दीड माणसाची जागा व्यापणे, दुसऱ्याच्या खांद्यावर रेलणे, पाठीवरची फुगलेली पिशवी मागच्याच्या तोंडावर आपटू देणे, मोबाईलवरील गाणी साऱ्या डब्याला ऐकवणे, ही सारी याच जागेवरील अतिक्रमणे होत. प्रत्येक माणसाला शरीराभोवती थोडे अंतर हवे असते, हे मानसशास्त्र सांगते. परंतु ‘अंतर’ हा शब्द आपल्या देशात उच्चारताना सावध असावे लागते. या शब्दाला आपल्याकडे विषारी इतिहास आहे.

1901 साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर आपल्या भावंडांसह सातारा भागातून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. त्यांना वडिलांच्या नोकरीच्या गावी, गोरेगावला जायचे होते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा सूर पालटला, आणि एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेऊन जाण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे! बाबासाहेबांनी ही आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात नोंदवली आहे. स्वतःच्या गाडीत लहान मुलांशेजारी बसण्यापेक्षा त्या माणसाला पायपीट पत्करली. आपण ख्रिस्ती लोकांनीही यावर दुरून बोट दाखवू नये. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथील एकोणिसाव्या शतकातील चर्चची रचनाच मुळी भिन्न जातींचे भाविक वेगवेगळ्या बाजूंना बसावेत अशी होती. एकाच वेदीसमोर, एकाच मिस्साबलिदानाला!

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या खचाखच भरलेल्या बसला मी एका अर्थाने धन्यवाद देतो. तेथे कोणाचा खांदा कोणाला लागला याची चौकशी होत नाही. परंतु याच गर्दीचा आधार घेऊन जे दुसरे पाप चालते, ते लपवता येणार नाही. आपल्या आया-बहिणी बसमध्ये छातीशी पर्स का धरतात, बोटांत सेफ्टी पिन का ठेवतात, हे घराघरांत ठाऊक असते आणि घराघरांत अनुच्चारित राहते. 2013 च्या कायदादुरुस्तीने अशा स्पर्शाला लैंगिक छळाचा गुन्हा म्हणून स्पष्ट स्थान दिले. तरीही घरची पहिली प्रतिक्रिया “तू त्या बसने जाऊच नकोस” अशी असते. पुन्हा तोच प्रकार: हलायचे असते तिने.

म्हणजे अंतर ठेवणे हेही पाप ठरू शकते आणि अंतर न ठेवणे हेही. मग कसोटी कोणती? मला ती अशी दिसते. गाडीवानाने मागितलेले अंतर स्वतःच्या कल्पित शुद्धतेसाठी होते. त्यात समोरच्या मुलांचा अपमान होता. बसमधील मुलीला हवे असलेले अंतर तिच्या प्रतिष्ठेसाठी आहे. त्यात कोणाचाही अपमान नाही. मी माझ्यासाठी दुसऱ्याला दूर लोटतो तेव्हा अन्याय होतो. मी दुसऱ्यासाठी स्वतःला आवरतो तेव्हा आदर होतो. शुभवर्तमानात मार्क यांनी सांगितलेली रक्तस्रावी स्त्रीची कथा या दृष्टीने वाचावी. चहूबाजूंनी लोक प्रभू येशूला रेटत होते. तरी त्या गर्दीत एका स्त्रीचा भीत भीत झालेला स्पर्श त्याने वेगळा ओळखला. नियमाने ती अशुद्ध होती. त्याने तिला झिडकारले नाही, कन्या म्हणून संबोधले. गर्दीला तो गर्दी म्हणून पाहत नव्हता, हे या कथेचे मर्म आहे.

कोणी म्हणेल, फादर, हे सारे ठीक. पण बस पुरेशा असत्या तर हा प्रश्नच आला नसता. हे म्हणणे खरे आहे. माणसांना गुरांसारखे कोंबणारी व्यवस्था त्यांच्याकडून सभ्यतेची अपेक्षा करते, हा तिचा ढोंगीपणा आहे. मार्च 2022 मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली, पुढे ती स्वारगेटपर्यंत पोहोचली, तरी उपनगरांतील कष्टकऱ्यांचा भार बसवरच आहे. अधिक बस मागणे हे ख्रिस्ती नागरिकाचे कर्तव्यच होय. परंतु मग संत बेसिल यांच्या नाट्यगृहाचा दाखला आणखी थोडा पुढे न्यावा लागेल. कर्वे रस्त्यावर सायंकाळी मोटारींची रांग उभी असते. पुष्कळ मोटारींत एकेकच माणूस असतो. त्याच रांगेत अडकलेल्या बसमध्ये साठ-सत्तर माणसे एका पायावर उभी असतात. रस्ता सर्वांचा आहे. त्यावर सर्वांत मोठा रुमाल कोणी टाकला आहे? आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आता बसने प्रवास करीत नाहीत. म्हणून हा लेख आपल्यासाठी नाही, असे त्यांनी समजू नये. रविवारच्या मिस्साला एकाच गल्लीतून तीन मोटारी येतात आणि त्याच गल्लीतील वृद्ध विधवा बसथांब्यावर उभी असते, ही जागेचीच गोष्ट आहे.

आणि शेवटी चर्चमधील बाकांविषयी. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला अर्धा तास आधी येऊन जाकिटे, पर्स आणि प्रार्थनापुस्तके यांनी अख्खे बाक राखणारी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात असतात. उशिरा पोहोचलेले गृहरक्षक, हॉटेलातील कामगार, परप्रांतातून आलेली आदिवासी मुले मागे दाराशी उभी राहतात. ज्याच्या जन्माचा हा सण, त्याच्या मातापित्यांना त्या रात्री उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, हे आपण गव्हाणीसमोर उभे राहून गात असतो. या वर्षी पहिल्या गीताच्या वेळी मागे वळून पाहावे, कोणी उभे असेल तर जाकीट उचलून मांडीवर घ्यावे, आणि बाकाच्या आतील बाजूस सरकून कडेची जागा मोकळी करावी. कडेची यासाठी की, उशिरा आलेल्याला कोणाचे पाय ओलांडावे लागू नयेत.